छातीच्या एक्स-रेवरून जन्मजात हृदयदोष ओळखणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान मुलांच्या फिल्म वाचायला नुकतीच सुरुवात केलेले विद्यार्थी व तरुण डॉक्टर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ‘हृदय मोठे दिसते’ असा शेरा वाचून धास्तावलेल्या पालकांचे काही प्रश्नही त्यांत आहेत.

एक्स-रेवरून जन्मजात हृदयदोष खरोखर ओळखता येतो का?

संशय घेता येतो आणि तो कोणत्या दिशेने घ्यावा हेही बऱ्याचदा ठरवता येते. दोषाचे नाव मात्र क्वचितच सांगता येते. एक्स-रे म्हणजे सावली आहे. रक्त, हृदयाचे स्नायू आणि झडपा या सर्वांची घनता जवळपास पाण्याइतकीच असल्यामुळे त्यांची मिळून एकच पांढरी सावली पडते, आणि दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असले तरी ते या सावलीत कधीच दिसत नाही. दिसते ते हृदयाचे बाह्य आरेखन आणि फुप्फुसांतील काळ्या हवेवर उमटलेल्या रक्तवाहिन्यांच्या फांद्या. म्हणून फिल्मला ‘कोणता दोष आहे’ असे विचारण्यापेक्षा ‘फुप्फुसांकडे रक्त किती जाते आहे आणि तेथून ते नीट परत येते आहे का’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर ती पुष्कळ वेळा देते.

जिवंत जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी सुमारे ८ ते ९ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. त्यांतील अनेकांची, विशेषतः पडद्याला लहान छिद्र असलेल्यांची, फिल्म पूर्णपणे सामान्य असते. त्यामुळे फिल्म सामान्य आहे म्हणून दोष नाही, असा निष्कर्ष कधीही काढू नये.

टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) उपलब्ध असताना एक्स-रे कशासाठी?

इको हृदयाच्या आत पाहते, परंतु हवेने भरलेले फुप्फुस तिला दिसत नाही. धाप लागलेल्या नवजात बाळाची पहिली प्रतिमा बहुतेक वेळा छातीची फिल्म हीच असते आणि इकोसाठी किती घाई करायची हे अनेकदा तिच्यावरूनच ठरते. निदान झाल्यानंतरही फुप्फुसात पाणी साचले आहे का, एखादा भाग मिटला आहे का, नळ्या योग्य जागी आहेत का, हे फिल्मच सांगते.

येथे थोडा इतिहास सांगण्याचा मोह आवरत नाही. रॉंटगेन यांना क्ष-किरण ८ नोव्हेंबर १८९५ रोजी गवसले. फ्रेंच वैद्य फालो यांनी निळ्या, म्हणजे रक्तात ऑक्सिजन कमी पडून ओठ व त्वचा निळसर झालेल्या, रुग्णांतील चार दोषांचा समुच्चय त्याआधीच, १८८८ मध्ये, शवविच्छेदनांच्या आधारे वर्णिला होता. जिवंत मुलांमध्ये हे दोष वाचण्याची पद्धत बसवण्यात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील हेलन टाउसिग यांचा मोठा वाटा आहे. त्यांना ऐकू कमी येत असल्यामुळे स्टेथोस्कोपपेक्षा त्यांचा भर हाताच्या स्पर्शावर आणि फ्लोरोस्कोपीच्या, म्हणजे क्ष-किरणांची हलती प्रतिमा दाखवणाऱ्या, पडद्यावर होता. काही निळ्या बाळांची प्रकृती महारोहिणी (शरीराकडे रक्त नेणारी मुख्य वाहिनी) आणि फुप्फुस-रोहिणी (फुप्फुसांकडे रक्त नेणारी वाहिनी) यांना जोडणारा जन्मजात रक्तमार्ग, म्हणजे डक्टस, उघडा असेपर्यंत बरी राहते आणि तो मिटला की ढासळते, हे त्यांच्या लक्षात आले. फुप्फुसांपर्यंत पुरेसे रक्त पोहोचत नाही हीच खरी अडचण आहे, या त्यांच्या आकलनातून २९ नोव्हेंबर १९४४ रोजी शल्यचिकित्सक ब्लॅलॉक यांनी केलेली पहिली शंट शस्त्रक्रिया, म्हणजे फुप्फुसांकडे रक्त नेणारा कृत्रिम मार्ग जोडण्याची शस्त्रक्रिया, घडून आली.

फिल्म हातात आल्यावर सर्वांत आधी काय पाहावे?

हृदय पाहू नये. प्रथम नाव, तारीख आणि उजवी-डावी बाजू दाखवणारी खूण तपासावी, त्यानंतर बाळ सरळ होते का ते पाहावे. मोठ्या माणसांत हासळीच्या हाडांची आतील टोके मणक्यापासून सारख्या अंतरावर आहेत का हे पाहतात. तान्ह्या बाळांत दोन्ही बाजूंच्या बरगड्यांची पुढची टोके मणक्यापासून सारख्या अंतरावर आहेत का, हे पाहणे अधिक भरवशाचे असते. बाळ किंचित कुशीवर वळलेले असले तरी हृदयाचा आकार बदलतो आणि एक फुप्फुस दुसऱ्यापेक्षा काळे दिसू लागते.

त्यानंतर श्वास पाहावा. चांगल्या भरलेल्या श्वासात श्वासपटलाच्या वर मागच्या बाजूने ८ ते ९ आणि पुढच्या बाजूने सुमारे ६ बरगड्या मोजता येतात. हा नियम मी पुस्तकातून शिकलो होतो, पण तो अंगवळणी पडला एका चुकीतून. तीन आठवड्यांच्या एका बाळाच्या फिल्मवर हृदय छातीभर पसरलेले होते आणि फुप्फुसे धुरकट होती. मी ‘हृदय मोठे, फुप्फुसांत रक्तसंचय’ असे लिहून मोकळा झालो. वरिष्ठांनी काही न बोलता फिल्मवर पेन्सिल टेकवली आणि बरगड्या मोजायला लावल्या. मागच्या बरगड्या जेमतेम साडेसहा भरल्या. बाळ रडत असताना, नेमके श्वास सोडल्यावर, बटण दाबले गेले होते. वीस मिनिटांनी काढलेल्या दुसऱ्या फिल्ममध्ये हृदयही सामान्य होते आणि फुप्फुसेही. तेव्हापासून मी बरगड्या मोजल्याशिवाय हृदयाकडे पाहत नाही.

हृदय मोठे आहे हे कसे ठरवतात?

मणक्यांच्या मधून एक उभी रेषा कल्पून तिच्यापासून हृदयाच्या उजव्या कडेचे आणि डाव्या कडेचे सर्वांत जास्त अंतर मोजतात, दोन्हींची बेरीज करतात आणि तिला छातीच्या आतील सर्वांत मोठ्या रुंदीने भागतात. उदाहरणार्थ, उजवीकडे २४ मिलिमीटर आणि डावीकडे ३८ मिलिमीटर मिळून ६२ झाले आणि छातीची आतील रुंदी ११० मिलिमीटर असली, तर गुणोत्तर सुमारे ५६ टक्के येते. प्रौढ व्यक्तीत, उभे राहून आणि पाठीकडून किरण सोडून काढलेल्या फिल्मवर, ५० टक्क्यांपर्यंतचे गुणोत्तर सामान्य मानतात. त्या मापाने वरील हृदय मोठे ठरेल. नवजात बाळाच्या आडव्या फिल्मवर मात्र ६० टक्क्यांपर्यंतचे गुणोत्तर सामान्य असू शकते, त्यामुळे तेच ५६ टक्के त्याच्यासाठी काळजीचे नाहीत. या फिल्ममध्ये किरण समोरून येतात आणि हृदय प्लेटपासून दूर राहते, म्हणून त्याची सावली फुगते.

हा आकडा उपयुक्त असला तरी त्याच्यावर विसंबू नये. माझ्या मते त्याचा खरा उपयोग एकाच मुलाच्या दोन फिल्मची तुलना करताना होतो.

बाळाच्या हृदयाच्या वरच्या भागात रुंद सावली दिसते. ती हृदयाची असते का?

बहुधा नसते, ती थायमस ग्रंथी असते. तान्हेपणी ही ग्रंथी मोठी असते आणि हृदयावर शालीसारखी पांघरलेली असते. उजवीकडे ती कधी शिडाच्या त्रिकोणासारखी बाहेर डोकावते, आणि ती मऊ असल्यामुळे बरगड्यांच्या दाबाने तिच्या कडेला हलक्या लाटा उमटतात. हृदयाच्या कडेला अशा लाटा येत नाहीत. थायमसमुळे सामान्य हृदय मोठे दिसते, महारोहिणीचे वळण झाकले जाते आणि फुप्फुस-रोहिणीचा उंचवटाही लपतो. बाजूने काढलेल्या फिल्मवर उरोस्थीमागची जागा याच ग्रंथीने भरलेली असते, त्यामुळे त्या जागेवरून उजवा निलय, म्हणजे खालचा उजवा कप्पा, वाढला आहे असे तान्ह्या बाळात ठरवता येत नाही.

थायमस न दिसणे हीसुद्धा माहितीच आहे. गंभीर आजाराच्या ताणाने ती काही दिवसांत आक्रसते. ती मुळातच नसेल तर २२ व्या गुणसूत्राच्या विशिष्ट तुकड्याच्या अभावाचा विचार मनात यावा, कारण त्या मुलांत महारोहिणीच्या कमानीचे आणि ट्रंकस आर्टेरिओसससारखे (महारोहिणी व फुप्फुस-रोहिणी वेगळ्या न होता एकच वाहिनी राहणे) दोष वारंवार आढळतात.

फुप्फुसांतील रक्तवाहिन्या कशा वाचायच्या?

सगळे कसब या एका गोष्टीत आहे आणि नेमकी हीच गोष्ट घाईत राहून जाते. रक्तवाहिन्या फुप्फुसाच्या मुळापासून बाहेरच्या बाजूला फांद्यांसारख्या बारीक होत जातात आणि छातीच्या भिंतीजवळच्या बाहेरच्या तृतीयांशात जवळपास दिसेनाशा होतात. उजव्या फुप्फुसात खाली उतरणारी रोहिणी पाहावी आणि तिची जाडी श्वासनलिकेच्या रुंदीशी ताडून पाहावी. मुलांत ही रोहिणी श्वासनलिकेपेक्षा जाड दिसली तर रक्तप्रवाह वाढलेला असण्याची शक्यता मोठी असते. दुसरी खूण मुळाजवळ मिळते. तेथे एखादी श्वसनी, म्हणजे श्वासनलिकेची फांदी, टोकाकडून दिसते, म्हणजे काळा ठिपका व भोवती पांढरी कडी, आणि तिच्या शेजारी तिची जोडीदार रोहिणी पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसते. दोन्ही साधारण सारख्या आकाराच्या असाव्यात. पांढरा ठिपका ठळकपणे मोठा असेल तर रक्त जास्त जात आहे. तो शोधूनही सापडत नसेल तर कमी.

प्रवाह वाढलेला असताना वाहिन्या जाड आणि ठळक दिसतात, त्यांच्या कडा स्पष्ट असतात आणि त्या बाहेरच्या तृतीयांशापर्यंत मोजता येतात. फुप्फुसांकडे जाणारे रक्त शरीराकडे जाणाऱ्या रक्ताच्या सुमारे दुप्पट झाल्याशिवाय हा बदल डोळ्यांना जाणवत नाही, आणि म्हणूनच लहान छिद्रे फिल्मवर गप्प राहतात. प्रवाह कमी असेल तर फुप्फुसे नेहमीपेक्षा काळी, मोकळी दिसतात आणि मुळाजवळच्या सावल्या खुरटलेल्या असतात. तिसरा प्रकार अडलेल्या नीलांचा, म्हणजे रक्त फुप्फुसांत पोहोचते पण परत येताना अडते. अशा वेळी वाहिन्यांच्या कडा पुसल्यासारख्या होतात, फुप्फुसांवर दुधाळ धूसरपणा येतो आणि कडेला आडव्या बारीक रेषा दिसू लागतात. जाड पण स्पष्ट वाहिन्या आणि पुसट वाहिन्या यांतला फरक शब्दांत सांगणे अवघड आहे. धुके पडलेल्या सकाळी झाड असतेच, पण त्याच्या फांद्या मोजता येत नाहीत. तसे हे आहे.

वय विसरू नये. जन्मानंतर पहिले काही आठवडे फुप्फुसांतील रक्तप्रवाहाला होणारा रोध जास्त असतो आणि तो ओसरेपर्यंत मोठ्या छिद्रातूनही फारसे रक्त वळत नाही. तिसऱ्या दिवशीची सामान्य फिल्म आणि सहाव्या आठवड्यातील रक्ताने भरलेली फिल्म एकाच बाळाच्या असू शकतात, आणि त्यात कोणाची चूक झालेली नसते.

बाळ निळे आहे की नाही, याचा फिल्म वाचताना काय उपयोग?

फार मोठा उपयोग आहे. ही माहिती नसताना फिल्म वाचणे म्हणजे अर्धे पत्र वाचणे होय. बाळ निळे नाही आणि फुप्फुसांतील प्रवाह वाढलेला आहे, तर डावीकडचे रक्त उजवीकडे वळवणारे दोष मनात येतात : व्हीएसडी (निलयांमधल्या पडद्याला छिद्र), एएसडी (अलिंदांमधल्या, म्हणजे वरच्या कप्प्यांमधल्या, पडद्याला छिद्र), पीडीए (न मिटलेला डक्टस) आणि कप्प्यांच्या मधल्या गाभ्यातला एव्हीएसडी. बाळ निळे आहे आणि प्रवाह कमी आहे, तर फालोचा चतुर्दोष, फुप्फुस-रोहिणीची झडपच न बनणे, ट्रायकस्पिड (उजव्या अलिंद व निलयामधली) झडप न बनणे आणि एब्स्टाइनचा दोष (याच झडपेची सदोष घडण) यांचा विचार करावा. बाळ निळे असूनही प्रवाह वाढलेला असेल, तर रक्ताची सरमिसळ होत आहे : महारोहिणी व फुप्फुस-रोहिणी यांची अदलाबदल, ट्रंकस आर्टेरिओसस, किंवा फुप्फुस-नीलांचे सर्व रक्त चुकीच्या बाजूला येणे, म्हणजे टीएपीव्हीसी.

याच चौकटीत हृदयाचा आकारमान बसवून पाहावा. फुप्फुसे काळी, बाळ निळे आणि हृदय जेमतेम सामान्य आकाराचे असेल तर फालोकडे कल जातो. तीच काळी फुप्फुसे आणि छातीच्या दोन्ही भिंतींना टेकलेले प्रचंड हृदय दिसले, तर एब्स्टाइनचा दोष आधी आठवावा, कारण त्यात गळक्या झडपेमुळे उजवे अलिंद, म्हणजे वरचा उजवा कप्पा, अतोनात फुगतो.

बूट, अंडे, हिममानव अशा प्रसिद्ध खुणा कितपत भरवशाच्या आहेत?

परीक्षेत भरवशाच्या आहेत, खाटेजवळ कमी. फालोच्या चतुर्दोषात उजव्या निलयाची भिंत जाड होते आणि हृदयाचे टोक वर उचलले जाते, तर फुप्फुस-रोहिणी लहान असल्यामुळे डाव्या कडेला जेथे उंचवटा हवा तेथे खळगा पडतो; टोक आणि खळगा मिळून बुटाचा आकार होतो. अनेक तान्ह्या बाळांत हा आकार पूर्ण उमटलेला नसतो. उलट, किरण खालून वर तिरपे गेले तर निरोगी बाळाच्या हृदयाचे टोकही वर उचललेले दिसते. म्हणून मी बुटापेक्षा खळग्यावर आणि काळ्या फुप्फुसांवर जास्त भिस्त ठेवतो.

रोहिण्यांची अदलाबदल असलेल्या हृदयाला दोरीला टांगलेल्या अंड्याची उपमा देतात. महारोहिणी पुढे आणि फुप्फुस-रोहिणी बरोबर तिच्यामागे आल्यामुळे, तसेच ताणाने थायमस आक्रसल्यामुळे, वरचा भाग अरुंद होतो. पहिल्या दिवशी यातले काहीच नसू शकते. निळे बाळ आणि जवळपास सामान्य फिल्म ही जोडीच तेव्हा अधिक बोलकी असते.

टीएपीव्हीसीच्या एका प्रकारात फुप्फुसांचे रक्त डावीकडून वर चढणाऱ्या नीलेतून जाऊन उजवीकडच्या मोठ्या नीलेत उतरते. या दोन फुगलेल्या नीला हृदयावर दुसरा गोळा उभा करतात आणि हिममानव दिसतो. याला आठच्या आकड्याचीही उपमा देतात, पण तो इंग्रजी आठ. देवनागरी ८ डोळ्यांसमोर आणून शोधायला गेल्यास काहीच सापडणार नाही. हे चित्र साकारायला सहसा काही महिने लागतात, आणि त्याआधी थायमसच हिममानवाचे सोंग घेऊ शकते. याच दोषाचा सर्वांत घातक प्रकार, ज्यात परतीचा मार्ग अडलेला असतो, तो तर हिममानव कधीच दाखवत नाही.

व्हीएसडी, एएसडी आणि पीडीए फिल्मवर वेगळे करता येतात का?

तिन्हींत फुप्फुसांतील प्रवाह वाढतो. वेगळेपण शोधायचे ते डाव्या अलिंदात आणि महारोहिणीत. एएसडीमध्ये जास्तीचे रक्त डाव्या अलिंदातून लगेच उजवीकडे निसटते, त्यामुळे ते अलिंद फुगत नाही. उजव्या बाजूचे कप्पे वाढतात आणि महारोहिणीची कमान लहान वाटते. व्हीएसडी आणि पीडीएमध्ये फुप्फुसांतून परतलेले सगळे रक्त डाव्या अलिंदावर येऊन आदळते. फुगलेले अलिंद हृदयाच्या उजव्या कडेच्या आत दुसरी कडा दाखवते, श्वासनलिकेच्या दुभागणीचा कोन रुंदावते आणि डावी श्वसनी वर ढकलते. या दोघांत महारोहिणी ठळक असेल तर पीडीएकडे झुकावे, कारण तेथे जास्तीचे रक्त महारोहिणीच्या कमानीपर्यंत जाऊन मगच वळते. कमान थायमसखाली झाकलेली असेल तर हा युक्तिवाद तेथेच थांबतो.

महारोहिणीची कमान उजवीकडे आहे हे कसे कळते आणि त्याचा अर्थ काय?

नेहमी डावीकडे असणारी ही कमान श्वासनलिकेला थोडे उजवीकडे रेटते. कमान उजवीकडे असेल तर खाच श्वासनलिकेच्या उजव्या बाजूला पडते आणि नलिका सरळ किंवा डावीकडे झुकलेली दिसते. लहान बाळात कमान दिसत नसली तरी श्वासनलिका दिसते, म्हणून पाहायचे ते नलिकेकडेच. फालोच्या चतुर्दोषात सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत आणि ट्रंकस आर्टेरिओससमध्ये सुमारे एक तृतीयांश रुग्णांत कमान उजवीकडे असते. म्हणजे निळे बाळ आणि उजवी कमान एकत्र दिसली, तर फुप्फुसांतील प्रवाह कमी की जास्त एवढे पाहून दोघांपैकी एकाकडे बोट दाखवता येते. बाळ निळे नाही, पण श्वास घेताना घरघर आवाज करते आणि कमान उजवीकडे आहे, अशा वेळी श्वासनलिका व अन्ननलिकेभोवती वाहिन्यांचे कडे आहे का, याचा शोध घ्यावा लागतो.

बरगड्यांवरील खाचा म्हणजे काय?

महारोहिणी एका ठिकाणी आवळलेली असते तेव्हा, म्हणजे कोआर्क्टेशनमध्ये, रक्त आडवाटेने खालच्या भागाकडे पोहोचते. ही आडवाट बरगड्यांखालून धावणाऱ्या रोहिण्यांतून उलट्या दिशेने जाते. त्या रोहिण्या फुगतात, नागमोडी होतात आणि वर्षानुवर्षांच्या स्पंदनाने बरगड्यांची खालची कड कोरतात. साधारण तिसऱ्या ते आठव्या बरगडीच्या मागच्या भागात या खाचा आढळतात. पहिल्या दोन बरगड्या सुटतात, कारण त्यांच्या रोहिण्या आवळलेल्या जागेच्या वरूनच फुटतात आणि त्यामुळे आडवाटेत सामील होत नाहीत. कोरीव काम सावकाश होत असल्याने पाच वर्षांच्या आतील मुलांत खाचा क्वचितच दिसतात. महारोहिणीच्या कडेवर दोन फुगवटे व मध्ये खाच अशी तीनच्या आकड्याची आकृतीही उमटते. या वेळी मात्र देवनागरी ३ सुद्धा चालतो.

तान्ह्या बाळात यांपैकी काही शोधू नये. त्याच्या फिल्मवर फार तर मोठे हृदय आणि धूसर फुप्फुसे असतात, आणि निदान मांडीतील नाडीवर बोट ठेवून होते.

हृदय उजवीकडे दिसले तर?

आधी बाजूची खूण पुन्हा तपासावी. फिल्म उलटी लावलेली असणे हे आजही सर्वांत सामान्य कारण आहे. खूण बरोबर असेल तर हृदय ढकलले किंवा ओढले गेले आहे का ते पाहावे. डाव्या छातीत शिरलेली आतडी, साचलेली हवा किंवा उजवीकडचे मिटलेले फुप्फुस यांमुळे तसे होते. मग जठरातील हवेचा बुडबुडा शोधावा. बुडबुडा उजवीकडे, यकृत डावीकडे आणि हृदय उजवीकडे, म्हणजे सगळेच आरशातल्यासारखे उलटे असेल, तर हृदय आतून चांगले असण्याची शक्यता बरीच असते. बुडबुडा डावीकडे जागच्या जागी आणि फक्त हृदयाचे टोक उजवीकडे असेल, तर गुंतागुंतीचा दोष असण्याची शक्यता खूप वाढते. यकृत मध्यभागी पसरलेले आणि दोन्ही बाजूंच्या श्वसनी एकसारख्या दिसल्या, तर अवयवांच्या डाव्या-उजव्या रचनेतच गोंधळ आहे. अशा बाळात प्लीहा नसणे किंवा अनेक प्लीहा असणे हेही शक्य असते.

उजवे फुप्फुस लहान, हृदय तिकडे सरकलेले आणि हृदयाच्या उजव्या कडेने खाली श्वासपटलाकडे जाणारी समशेरीसारखी बाकदार सावली, असे चित्र दिसले तर ती वाट चुकलेली फुप्फुस-नीला आहे. नाव घेऊन निदान सांगता यावे अशा मोजक्या चित्रांपैकी हे एक आहे.

हृदय व फुप्फुसे सोडून आणखी कुठे पाहावे?

मणके व बरगड्यांकडे आणि फिल्मच्या खालच्या कडेला आलेल्या पोटाकडे. मणक्यांची घडण बिघडलेली असेल तर हृदयदोषाची शक्यता वाढते. पोटात हवेचे दोन बुडबुडे, बरगड्यांच्या बारांऐवजी अकरा जोड्या आणि मोठे हृदय हे एकत्र दिसले, तर डाउन सिंड्रोम आणि त्यासोबतचा एव्हीएसडी मनात यावा.

न्यूमोनिया समजून हृदयदोष निसटतो असे होते का?

होते, आणि दोन्ही टोकांना होते. नवजात बाळ निळे आहे, धापत आहे, फुप्फुसे काचेवर वाफ धरावी तशी धूसर आहेत आणि हृदय लहान आहे, असे चित्र पाहून अपुऱ्या वाढलेल्या फुप्फुसांचा आजार किंवा जंतुसंसर्ग असे निदान करणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु नीलांचा परतीचा मार्ग अडलेली टीएपीव्हीसी हुबेहूब असेच चित्र दाखवते. हृदय लहान आहे म्हणून हृदय निर्दोष आहे, ही समजूत येथे जिवावर बेतू शकते. पूर्ण दिवस भरलेले बाळ, धूसर फुप्फुसे, लहान हृदय आणि उपचारांना न दाद देणारा निळेपणा ही चौकडी जुळली की इको त्याच दिवशी व्हावी.

दुसरे टोक म्हणजे वरचेवर ‘न्यूमोनिया’ होणारे सहा-आठ महिन्यांचे मूल. मोठ्या व्हीएसडीमध्ये फुगलेले डावे अलिंद डाव्या श्वसनीवर दाब देते, डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो आणि प्रत्येक वेळी त्या पांढऱ्या भागाला न्यूमोनिया म्हटले जाते. जुन्या फिल्म मागवून ओळीने लावल्या तर डाग तोच, जागा तीच, आणि प्रत्येक फिल्ममध्ये हृदय मोठे, असे दिसून येते.

रिपोर्टमध्ये ‘कार्डिओमेगाली’ लिहिले आहे. आम्ही पालकांनी काय करावे?

या शब्दाचा अर्थ ‘हृदयाची सावली मोठी’ एवढाच आहे, आणि सावली मोठी होण्याची निरुपद्रवी कारणे वर आलीच आहेत. बालरोगतज्ज्ञांना फिल्म प्रत्यक्ष दाखवावी. केवळ रिपोर्टचा कागद पुरेसा नसतो. बाळ दूध ओढताना दमते किंवा कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही, झोपेतही श्वास जलद चालतो, यांपैकी काही असेल तर ते आवर्जून सांगावे. ओठ किंवा जीभ निळी दिसत असेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. फक्त तळहात-तळपाय थंडीने निळसर होणे ही वेगळी व बहुधा साधी गोष्ट असते. नाडी व रक्तदाब तपासणे, हाता-पायावर यंत्र लावून ऑक्सिजनचे प्रमाण मोजणे आणि गरजेनुसार इको करणे हा पुढचा क्रम असतो. उजव्या हातावर व पायावर ९५ टक्के किंवा अधिक ऑक्सिजन असणे आणि दोन्हींतील फरक ३ टक्क्यांपेक्षा जास्त नसणे, हे नवजात बाळात दिलासा देणारे असते. तरीही काही दोष या चाळणीतूनही निसटतात.

वारंवार एक्स-रे काढल्याने बाळाला अपाय होईल का?

छातीच्या एका समोरच्या फिल्मची मात्रा सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट असते, म्हणजे निसर्गातून आपल्या सर्वांनाच तीन-चार दिवसांत मिळते तेवढी. कारण असेल तेव्हा फिल्म टाळू नये, आणि कारण नसताना ‘एकदा बघू’ म्हणून काढू नये.

शस्त्रक्रिया झालेल्या मुलाची किंवा प्रौढाची फिल्म वेगळी वाचावी लागते का?

हो. उरोस्थीतील तारांचे वेढे पाहून हृदय समोरून उघडले होते हे कळते. डाव्या बाजूच्या बरगड्यांमधील बदल आणि कमानीखालची लहान धातूची क्लिप डक्टस बंद केल्याचे सांगते. पडद्यातील छिद्र बंद करण्यासाठी बसवलेली दोन चकत्यांची छत्री ओळखू येते, आणि ती आधीच्या फिल्ममध्ये होती तेथेच आहे ना, हे समोरच्या व बाजूच्या अशा दोन्ही फिल्मवर ताडून पाहणे आवश्यक असते; ती सुटली तर फुप्फुस-रोहिणीत किंवा महारोहिणीत जाऊन अडकू शकते.

प्रौढांत पहिल्यांदाच सापडणाऱ्या दोषांत एएसडी पुढे असतो. नोकरीपूर्व तपासणीसाठी किंवा खोकल्यासाठी काढलेल्या फिल्मवर फुप्फुस-रोहिणीचा ठसठशीत उंचवटा, जाड वाहिन्या आणि लहानशी महारोहिणी दिसते, आणि त्या व्यक्तीला आजवर काहीच त्रास झालेला नसतो. याच्या उलट चित्र आयझेनमेंगर अवस्थेचे. मोठे छिद्र वर्षानुवर्षे उघडे राहिल्याने फुप्फुसांतील दाब कायमचा वाढतो आणि रक्त उलट फिरू लागते. मुळाजवळच्या रोहिण्या तेव्हा बोटाएवढ्या जाड होतात, कधी त्यांच्या भिंतीत चुनाही साठतो. मात्र बाहेरच्या भागात छाटलेल्या झाडासारखी एकही फांदी उरत नाही. अशा रुग्णाची दहा-पंधरा वर्षांपूर्वीची फिल्म हाती लागली, तर तिच्यात त्याच फांद्या पार कडेपर्यंत भरलेल्या दिसतात.